पिल्लावरचा आळ

सुपडू नाना भंगाळ्यांच्या हेमलतेला राग आला की आधी तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. एकोणनव्वद सालच्या त्या पौषात तो इतक्यांदा लाल झाला की राग कुठला आणि सर्दी कुठली हेच घरच्यांना कळेनासं झालं. आई बिचारी सुंठ उगाळायला उठायची, आणि हेमी शिंकत नसायचीच, ती दात खात उभी असायची.

रागाला कारण होतं. चांगलं दणदणीत होतं.

झालं असं, की डिसेंबरात जळगावला शाळाशाळांची वक्तृत्व स्पर्धा झाली आणि रावेरच्या नववी ‘ब’मधल्या हेमलतेनं जिल्ह्यात पहिला नंबर आणला. जी मुलगी आठवीपर्यंत वर्गात ‘हजर’ म्हणतानासुद्धा बाकाकडे बघायची, ती दोनशे माणसांपुढे सात मिनिटं हात हलवून हलवून बोलली आणि शेवटची घंटा वाजल्यावरही थांबेना, परीक्षकांनीच हात जोडले. ढाल घेऊन ती घरी आली तेव्हा ओट्यापुढे अख्खी गल्ली जमलेली. नाना म्हणजे केळीचा घड हातात तोलून ‘बरा हाये’ एवढंच म्हणणारा माणूस. पण त्या दिवशी गडी पाघळला.

“माग पोरी. काय पाहिजे ते माग. गल्लीसमोर सांगतो, सुपडूचा शब्द हाये.”

सगळ्यांना वाटलं घड्याळ मागेल. बेबाआत्या, म्हणजे नानांची थोरली बहीण आणि घरातलं शेवटचं कोर्ट, तिनं तर सुचवूनच टाकलं, “कानातलं माग व माय, पुढे कामात येईन.”

हेमलता म्हणाली, “कुत्रा.”

“काय?”

“कुत्रा पाहिजे. माझा. मी निवडणार, मी नाव ठेवणार, मी सांभाळणार.”

गल्ली हसून हसून लोळली. पण शब्द तो शब्द. नाना म्हणाले, “बरं, कुत्रा त कुत्रा.”

आणि तिथूनच सगळं बिघडायला लागलं, कारण कुत्रा हेमीचा असला तरी मतं सगळ्यांची होती. मोठा भाऊ भटू, अकरावीत, माडीवरच्या खोलीत आरशापुढे तास तास अभ्यास करणारा, तो म्हणे पामेरियनच घ्यायचा, पांढरा, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात मिळतो. नाना म्हणत, फॅशनचं कुत्रं नको, वीस नखांचं पाहा, वीस नखांचं कुत्रं वाघाले भीत नाही. रावेरात वाघ कुठला, असं हेमीनं विचारलं तर म्हणाले, “येईन तवा?” आई म्हणाली, कमी केसांचं घ्या, झाडता झाडता माझी कंबर जाते. आणि आत्या? आत्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाली, “कुत्र्याच्या केसांनं दमा होते. ही पोरगी अशीच शिंकू राह्यली. तिले कुत्रं आनून देता?”

‘दमा’ म्हटल्याबरोबर आईनं उठून आधी रस्त्याकडची खिडकी लावली.

“सर्दी म्हना, अक्का,” ती कुजबुजली. “पोरीची जात.”

आता शिंकांचंही सांगायला हवं. हेमलतेला त्या दरवर्षी दिवाळीनंतर लागायच्या आणि होळीच्या सुमाराला आपोआप जायच्या. सकाळी बाजेवरून उठली की वीस-पंचवीस एका दमात. डोळे सुजायचे, आणि कधी कधी छातीत कोणी मांजर कोंडल्यासारखी घरघर व्हायची. थंडी बाधते, घरचे म्हणायचे. केळी खाते म्हणून कफ होतो, शाळेतले म्हणायचे. केळीच्या गावात राहून तिनं दोन वर्षं केळं तोंडाला लावलं नव्हतं, तरी शिंका होत्या तिथेच.

शेवटी नाना तिला जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गल्लीत सांगितलं, लुगडी घ्यायला चाललो. आईला बरोबर नेलं, आणि खोटं पडू नये म्हणून येताना खरंच एक लुगडं घेतलं.

डॉक्टरांनी हेमलतेकडे बघून विचारलं, “शिंका कधी येतात?”

“सकायी,” नाना म्हणाले.

“धाप लागते?”

“नाही,” नाना म्हणाले.

“लागते,” हेमलता म्हणाली. नानांनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. वहाणेसकट.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “शिंका कोणाला येतात? तुम्हाला का हिला?”

हेमलतेला वाटलं, उठून या माणसाला ढाल द्यावी. पण पुढचे प्रश्नही नानांनीच झेलले. ‘ॲलर्जी’ हा शब्द डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवला. धूळ, फुलांचे पराग, जनावरांचे केस, कशाचीही असू शकते, म्हणाले. “घरात काय काय असतं?”

“शेतकऱ्याचं घर हाये, डॉक्टरसाहेब,” नाना हसले. “जे असते ते असते.”

कुत्रा आणू का, हे मात्र हेमलतेनं स्वतः विचारलं, पाय आधीच खुर्चीखाली ओढून घेऊन. डॉक्टर म्हणाले, “ज्या घरचं पिल्लू घेणार, तिथे चार दिवस रोज तासभर जाऊन बस. पिल्लू मांडीवर घे. त्रास झाला नाही तर आण.”

पिल्लं होती सत्तारचाचाकडे. सत्तारचाचा पिंजारी. स्टेशनच्या रस्त्याला त्याचं घर, पुढच्या पडवीत कापूस पिंजायचं यंत्र, मागे अंगण. दर दोन वर्षांनी तो भंगाळ्यांच्या घरच्या कापसाच्या गाद्या भरून द्यायचा. त्याची कुत्री व्यालेली, पाच पिल्लं. भटू तिथे पाऊलही टाकायला तयार नव्हता, म्हणे गावठी आहेत. हेमलता गेली शुक्रवारी. दुकानाला सुट्टी, यंत्र बंद. चाचाची बायको हसीनाबी अंगणात लसूण सोलत होती. पाच पिल्लांतली चार आईच्या पोटाशी, आणि पाचवं, मातकट रंगाचं, एक कान उभा एक पडलेला, सरळ हेमलतेच्या ओढणीचं टोक धरून मागे मागे ओढायला लागलं. लिंबाएवढं डोकं आणि गुरगुर अशी, जणू रावेर तालुका त्याच्याच नावावर आहे.

“हेच,” हेमलता म्हणाली.

“इतक्यात?” हसीनाबी हसली. “बाकीची बघ तरी.”

“हेच. हे माझ्यासारखं आहे.”

तासभर पिल्लू मांडीवर होतं. त्यानं तिचं नाक चाटलं, कान चाटले, डोळे चाटले. एक शिंक नाही. हेमलता उड्या मारत घरी आली.

शनिवारी गेली ती सकाळची शाळा सुटल्यावर. थंडीचे दिवस, गाद्यारजयांची घाई. यंत्र धडधडत होतं, पडवीतून अंगणापर्यंत पांढरं धुकं. पिल्लू कालच्यासारखंच धावत आलं. हेमलतेनं त्याला उचललं आणि अर्ध्या तासात तिची जी काही दशा झाली! शिंका मोजायच्या पलीकडे. डोळ्यांच्या जागी दोन चिरा. घशात घरघर. हसीनाबीनं पाणी पाजून, पाठ चोळून तिला घरापर्यंत आणून सोडलं.

आत्या दारातच. “मी म्हनत नव्हती? मी म्हनत नव्हती?” असं तिनं सात वेळा म्हटलं, आणि दर वेळी तिचा चेहरा जास्त उजळला.

“झालं,” नाना म्हणाले. “कुत्र्याचा विषय बंद. घड्याळ घेऊ.”

“मला घड्याळ नको!” सुजलेल्या डोळ्यांनी हेमलता ओरडली. “काल काहीच झालं नव्हतं! काल त्यानं माझं तोंड चाटलं होतं!”

“केस हळूहळू भिनतात,” भटू माडीच्या जिन्यावरून म्हणाला. जसा काही हा जळगावच्या डॉक्टरांचा गुरू.

“तू गप! तुला काय माहीत? तू वर झोपतोस, तुला काय होतं? सर्दी होत नाही, खोकला होत नाही, अक्कल तर होतच नाही!”

रविवारभर ती कोणाशी बोलली नाही. मधल्या घरात आपल्या बाजेवर तोंड फिरवून पडून राहिली. मधलं घर म्हणजे माजघर, त्याचंही सांगते. सरकारी केंद्रावर कापसाची खरेदी त्या वर्षीही दोनदा बंद पडली, गोदामात जागा नाही म्हणून. तेव्हा भंगाळ्यांचा सगळा वेचा नेहमीसारखा मधल्या घरात. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, खाली फरशीपासून वर छताच्या कड्यांपर्यंत कापूस. दरवर्षीच असायचा. कोपऱ्यात बाजेपुरती जागा सोडलेली, ती हेमीची. लहानपणी त्या ढिगात ती उड्या मारायची. आता उशाशी तो असायचा, भिंत असते तसा. भिंतीकडे कोण बघतं?

ती बघत पडली आणि रागारागानं विचार करत राहिली. विज्ञानाचे सर म्हणायचे, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. शुक्रवारी पिल्लू तेच. मांडी तीच. अंगण तेच. मग शनिवारी बदललं काय?

तेवढ्यात उशाशी कापसाचा एक पुंजका घरंगळला, तिच्या नाकावर पडला, आणि तिला शिंक आली.

ती ताडकन उठून बसली.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती तडक हसीनाबीकडे. यंत्र चालू होतं, म्हणून दारातच उभी राहिली, ओढणी नाकाला बांधून. हसीनाबीनंही बांधलेली होतीच.

“चाची, तुम्ही नाकाला का बांधता?”

“का म्हणजे? रुई जाते ना नाकात.”

“मग होतं काय?”

“खोकला होतो, धाप लागते. सासूला होती, नणंदेला आहे, मला आहे.”

“मग औषध घेत नाही? आजार आहे ना तो!”

हसीनाबीनं तिच्याकडे असं बघितलं, जसं काही ही पोर चंद्रावरून आली. “आजार कशाला? आमच्यात त्याला धंदा म्हणतात.”

हेमलतेनं पिल्लू मागून घेतलं. दप्तरातली पुस्तकं कॅरियरला बांधली, दप्तरात पिल्लू, आणि सायकल मारत नानांच्या केळीच्या बागेत. तिथे कापूस औषधालाही नाही. पाटाच्या कडेला बसली आणि दीड तास त्या पिल्लाला नाकाशी धरून राहिली. त्याच्या पोटात नाक खुपसलं, पाठीत खुपसलं, मानेखाली खुपसलं. पिल्लू वैतागून तिच्या नाकाला चावलं. पण शिंक? एकही नाही. छाती अशी मोकळी, की तिनं तिथेच केळीच्या झाडांपुढे सात मिनिटांचं अख्खं भाषण म्हणून पाहिलं. मध्ये एकदाही दम लागला नाही.

घरी आली ती दिवेलागणीला, दप्तरातून एक कान बाहेर. नाना ओट्यावरून आत येत होते, आई चुलीपुढे, आत्या आईला भाकरी कशी थापावी ते सांगत. हेमलतेनं पिल्लू मधोमध जमिनीवर सोडलं.

“मला कुत्र्याची ॲलर्जी नाही. मला कापसाची ॲलर्जी आहे.”

आईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

“दिवाळीनंतर कापूस घरात येतो, माझ्या शिंका सुरू होतात. होळीला कापूस जातो, शिंका जातात. बरोबर का नाही? शुक्रवारी यंत्र बंद होतं, मला काही झालं नाही. शनिवारी चालू होतं, मी मरायला टेकले. आज हे पिल्लू बागेत दीड तास नाकाशी धरलं. बघा! बघा माझे डोळे!”

“कापसाची?” आत्या म्हणाली. “लक्ष्मीची कोनाले ॲलर्जी असते व माय? तोंड फुटीन असं बोललं त.”

“असते! मला आहे!”

नाना ऐकत होते. माणूस मठ्ठ नव्हता. त्यांनी मधल्या घराच्या दारात जाऊन तो ढीग बघितला. मग कोपऱ्यातली बाज बघितली. मग मोजल्यासारखं दोन्हींमधलं अंतर बघितलं, आणि अंतर नव्हतंच. हेमलतेला वाटलं, आता म्हणतील, चुकलं पोरी.

नाना वळले आणि हळू आवाजात म्हणाले, “हे बाहेर बोलू नको.”

“का?”

“कोनी इचारलं त कुत्र्याची म्हन. कुत्रं नसलेलं घर भेटीन तुले. कापूस नसलेलं घर खान्देशात कुठी भेटीन? कोन करीन तुले?”

असा राग! असा राग तिला आयुष्यात आला नव्हता. शनिवारचा राग त्यापुढे पोरखेळ. कारण शनिवारी त्यांना माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

“म्हणजे कळलं तुम्हाला. पटलं तुम्हाला! तरी मी त्या कापसाच्या उशाशी झोपायचं, आणि आळ ह्या पिल्लावर?”

“आवाज खाली कर.”

“नाही करत! चौदा वर्षांची आहे मी. अजून कोणी बघायला आलं नाही, कोणी विचारलं नाही, आणि त्या न आलेल्या माणसांसाठी मी आजपासून शिंकायचं? त्यांना कापूस आवडतो म्हणून?”

“कुंदे, पोरीले आवर,” आत्या आईला म्हणाली.

पण आई उठली नाही. ती तव्याकडे बघत म्हणाली, “भाकर करपली.” आणि करपलेली भाकरी तिनं उतरवून जरा जोरातच आपटली. कोणावर, ते कोणाला विचारता आलं नाही.

हेमलता मधल्या घरात शिरली. बाजेवरची वाकळ झटकली, आणि बाज उभी करून ओढत ओढत बाहेर काढली. दारात अडकली. लाथ मारली. निघाली. थेट ओट्यावर, रस्त्याच्या तोंडाला, नळावरून येणाऱ्या बायकांच्या डोळ्यांसमोर तिनं ती धाडदिशी टाकली आणि वर पिल्लाला घेऊन मांडी घालून बसली.

समोरची तानुबाई हंडा घेऊन येत होती. थांबलीच. “काय व हेमे, एवढ्या थंडीत बाहेर कायले बाज टाकली?”

हेमलतेनं तोंड उघडलं, तोच आतून आत्या ओरडली, “उकडू राह्यलं तिले!”

पौषात. लोक अंगावर दोन दोन गोधड्या घेऊन झोपत होते.

नाना झपकन बाहेर आले. तानुबाईकडे पाठ करून बाजेजवळ वाकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, “आयक. भटूची खोली घे. माडीवरची. भटू खाली झोपीन. कुत्रं ठेव तुझं, शब्द देल्ला त देल्ला. पन कापसाचं नाव तोंडातून काढायचं नाही. मंजूर?”

आता बघा. खोली मिळत होती. कापसापासून सुटका होत होती. पिल्लू मिळत होतं. मागितलं होतं त्याच्या दुप्पट. दुसरी कोणी असती तर टाळी दिली असती. हेमलतेलाही लगेच नाही म्हणता येईना, कारण पिल्लानं तिच्या हातावर डोकं टेकलं होतं आणि ते परत द्यायची कल्पनासुद्धा तिला करवत नव्हती.

“बोल ना,” नाना म्हणाले.

तिनं मान हलवली. नानांनी ते ‘हो’ असं घेतलं.

भटूनं थयथयाट केला. “माझं बारावीचं वर्ष येतंय! कापसात कोण झोपेल, सगळं अंग खाजतं!”

“कसं काय?” हेमलता जिन्यावर बाज चढवत म्हणाली. “ती तर लक्ष्मी आहे.”

माडीवरची खोली म्हणजे राजवाडा. खिडकी रस्त्यावर उघडणारी, वारा थंड आणि स्वच्छ. पिल्लू चारी कोपरे हुंगून आलं. हेमलता बाजेवर बसली आणि तिला आनंद होईना. छाती मोकळी होती आणि तरी आत काहीतरी अडकलेलं होतं, शिंकेसारखंच, पण शिंकून न जाणारं. खाली तानुबाई अजून हलली नव्हती. आवाज वर येत होते.

“माडीवर कायले नेली, नाना?”

“अभ्यासाले. पुढच्या वर्षी धाव्वी हाये.”

“अन् सर्दी कशी हाये तिची? लई शिंकते व माय.”

“ते... जळगावच्या डॉक्टरनं सांगितलं. कुत्र्याचं हाये. सत्तारच्या कुत्र्यानं तिले...”

हेमलता खिडकीत पोचली तेव्हा ओढणी पिल्लाच्या तोंडात राहिली होती.

“कुत्र्याचं नाही!” ती वरून ओरडली. सात मिनिटांच्या भाषणात लावला नव्हता असा आवाज तिनं लावला. समोरच्या घरांची दारं उघडली. “तानुकाकू, कुत्र्याचं नाही! मला कापसाची ॲलर्जी आहे! मधल्या घरातल्या कापसाची! नाव हेमलता सुपडू भंगाळे, ज्याला सांगायचं त्याला सांगा!”

नानांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला, जसा कोणी त्यांच्या हातातून घड सोडून दिला.

“हेमे! आत हो!”

“नाही होत! कुत्रं घ्या परत, खोली घ्या परत, मी इथूनच बोलणार!”

आता सगळे तानुबाईकडे बघायला लागले. ती हसेल, नाहीतर पदर तोंडाला लावून घरोघर धावेल, असंच आत्यालाही वाटलं असणार, कारण दारामागून आत्याचं “बुडालो” ऐकू आलं. पण तानुबाई कमरेवर हंडा घेऊन तशीच उभी. पाणी तिच्या पायावर सांडत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

“कापसानं होते असं?” ती हळूच म्हणाली. खिडकीकडे बघून, नानांकडे नाही. “डोये सुजतात? सकायी उठलं का?”

“हो!”

“आमच्या रेखाले बी... दिवाळीपासून. मी कोनाले सांगितलं नाही.” तिनं इकडेतिकडे बघितलं, आणि मग जसं काही आता लपवण्यात अर्थ राहिला नाही असं म्हणाली, “तिची बाज बी मधल्या घरातच असते.”

“आणि तुमच्या पोरांची?”

“पोरं माडीवर.”

हेमलतेला वाटलं होतं, खरं बोललं की राग उतरेल. तो उतरला नाही. उलट खिडकीतून दिसणाऱ्या त्या सगळ्या घरांकडे ती बघत राहिली, एका रांगेत बारा घरं, प्रत्येकाचं मधलं घर कड्यांपर्यंत भरलेलं, आणि कोपऱ्यात एकेक बाज. मागे पिल्लू गुरगुरत ओढणी फाडत होतं. तिनं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले.

“मंग उभ्या काय राह्यल्या, काकू?” ती ओरडली. “जा ना घरी! काढा तिची बाज बाहेर!”